वळवाच्या वादळाआधी: गल्लीत आणि सोसायटीत होणाऱ्या या चुका टाळा

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा नाशिकमध्ये आम्ही टीव्हीवर अलिबाग बघत बसलो होतो. मध्ये सह्याद्री आहे, इथपर्यंत काय येतंय, असंच सगळ्यांचं म्हणणं. जोर ओसरलेलं तेच वादळ त्या रात्री आपल्या जिल्ह्यावरून गेलं. आमच्या पार्किंगचा एक पत्रा सुटला आणि समोरच्या बंगल्याच्या गॅलरीत जाऊन पडला. तिथे रोज एक आजोबा बसायचे. त्या रात्री नव्हते, एवढंच नशीब.

चक्रीवादळ दरवर्षी येत नाही, पण वळीव येतोच. एप्रिल-मेमध्ये दिवसभर उकडतं, चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, आधी धुळीचा लोट, मग वारा, आणि पाच-दहा मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. त्या पाच-दहा मिनिटांत काहीही बांधून होत नाही. आणि आपला सुटलेला पत्रा दुसऱ्याच्या घरात जातो, म्हणून ही तयारी गल्लीनं मिळून, आभाळ निरभ्र असतानाच करायची असते.

पत्र्यावर दगड ठेवणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात घातक चूक हीच. दगड, विटा, जुने टायर ठेवले की पत्रा दबून राहील असं वाटतं. पण वारा पत्र्याला वरून दाबत नाही, उचलतो. तो खालून शिरतो आणि छपरावरून वेगानं जाताना पत्रा वर ओढतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. मग पत्रा तर उडतोच, वरचा दगडही कुणाच्या तरी डोक्यावर येतो.

पत्रा धरून ठेवतात ते जे-हूक आणि स्क्रू. शिडी लावून एकदा जवळून बघा. आमच्याकडे वॉशरचं रबर उन्हानं तडकून गळून गेलं होतं, भोक करंगळी जाईल एवढं मोठं झालं होतं, आणि स्क्रू त्यात नुसता उभा होता. अशा ठिकाणी जुन्याच भोकात नवा स्क्रू पिळू नका. शेजारी नवं भोक पाडून मोठ्या वॉशरसकट आवळा, जुनं बुजवा. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांवर ताण जास्त येतो, तिथे हूक जवळजवळ हवेत.

गच्चीवरची रिकामी प्लास्टिकची टाकीही अशीच उडते. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन हजार किलो होतं, म्हणून इशारा आला की टाक्या भरून ठेवा. कुंड्या कठड्यावरून खाली घ्या.

झाड एकाच बाजूनं छाटणं

तारांकडची बाजू छाटायची आणि दुसरी तशीच सोडायची, की तोल गेलाच. त्यात गटारासाठी खणताना मुळं तोडलेली आणि पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेले. असा गुलमोहर मुळासकट आडवा होतो. छाटणीला महापालिकेची परवानगी लागते, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्या. आणि वादळात झाडाखाली गाडी लावू नका, स्वतःही थांबू नका.

लाईट गेली की जनरेटर प्लगमध्ये जोडणं

यात माणूस मरतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या लाईनपासून तोडून जनरेटरवर घेणारा स्विच, नसताना जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी लाईनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून ११,००० व्होल्टपर्यंत चढते, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला लागते. तो आपल्याच घरची लाईट आणायला आलेला असतो.

तुटलेली तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं धरून चालू नका. काठीनं बाजूला करू नका, तिच्यात अडकलेली फांदीही ओढू नका. दोन्ही बाजूंनी माणसं उभी करून रस्ता अडवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडणं

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते जरूर घ्या. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत राहा, तोही बघत जा. पण रात्री लाईट गेली, मोबाईल उतरला, नेटवर्क गेलं, की ग्रुप कुणाच्याच कामाचा नाही. लिफ्टची किल्ली कुणाकडे, मेन स्विच कुठे, हे कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. एकट्या राहणाऱ्यांची आणि ऑक्सिजनच्या मशीनवर असणाऱ्यांची यादी करा, आणि प्रत्येक घरासाठी गणेश मंडळाची दोन पोरं नेमून द्या. ती वारा थांबल्यावर जाऊन दार वाजवतील.

आमच्या यादीत सात घरं आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी यादी करतानाच सांगून ठेवलंय, ‘‘दार जोरात वाजव रे बाळा, कानाचं मशीन मी रात्री काढून ठेवते.’’