तलंग की कोंबडा? विकण्याआधी पाठीची पिसं बघा

खानापूर-निपाणीकडे परसात गावठी पिल्लं वाढवणाऱ्यांची नेहमीची अडचण: विकायला काढायचे कोंबडे, आणि अंड्यावर येणारी तलंग (तरणी कोंबडी) चुकून बाजारात जाते.

१. दीड-दोन महिन्यांची झाली की एकाच वयाची, एकाच जातीची पिल्लं शेजारी धरून बघा. नराचा तुरा लवकर मोठा आणि लालभडक होतो, पायही जाड. तलंगेचा तुरा बहुधा फिकट, बारीक राहतो. गिरिराज (सुधारित जात) आणि गावठी यांची तुलना करू नका, फसाल.

२. शंका राहिलेल्यांच्या पायात सैल रंगीत दोरा बांधून ठेवा.

३. तीन महिन्यांच्या सुमारास त्यांच्या शेपटीच्या मुळाशी, पाठीवरची पिसं बोटांनी उलगडा. लांब, निमुळती, टोकदार आणि चकचकीत असतील तर कोंबडा. टोकं गोल असतील तर तलंग. माझा भरवसा याच खुणेवर. मानेची पिसंही तशीच, पण तिथं फरक पटकन कळत नाही.

आरवण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, दबलेला कोंबडा उशिरा आरवतो. नखी (पायामागचा काटा) तर कधीकधी कोंबडीलाही फुटते.

दोरा मात्र दर आठवड्याला सैल करा. पाय वाढतो, दोरा मांसात रुततो.