मिहानमधला पगार ठरवताना या चुका टाळा

लग्नाच्या पंगतीत बसलं की वाटतं, नागपुरात पगार कुणी लपवतच नाही. "पोरगा मिहानमधी लागला, सहाचं पॅकेज आहे" (मिहान म्हणजे नागपूर विमानतळालगतचं उद्योगक्षेत्र, जिथे विमानांशी संबंधित कंपन्याही आहेत; सहाचं म्हणजे वर्षाला सहा लाखांचं) ही बातमी मुलाच्या मामांपासून कॅटररपर्यंत सगळ्यांना असते. पण त्याच पोराला शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगार विचारा, तो मान हलवतो. त्याहून गंमत म्हणजे, आपल्या पदासाठी कंपनीने किती रकमेची मर्यादा ठेवली होती हेही त्याने मुलाखतीत विचारलेलं नसतं.

विमान उद्योगातल्या पगाराची माहिती मिळत नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. बरीच माहिती कायद्याने उघड केलेली आहे. ती जिथे छापली जाते तिथे आपण जात नाही, आणि जिथे फुगवून सांगतात तिथेच विचारत बसतो.

पॅकेजला बाराने भागणं

ही सगळ्यात जुनी चूक, आणि अजूनही दरवर्षी कॅम्पसमध्ये होते. समजा ऑफर सहा लाखांची आहे. घरी सांगितलं जातं, महिन्याला पन्नास हजार. आता ऑफर लेटरचं शेवटचं पान उघडा. बेसिक २५,००० धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे वर्षाला ३६,०००, हा सहा लाखांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद, बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०, तीही त्यातच. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर ६०,००० वर्षाअखेरीस, तेही कामगिरी आणि कंपनीची तब्येत पाहून. उरले ४,८९,५७०, म्हणजे महिन्याला सुमारे ४०,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की खात्यात पडतात सुमारे ३७,६००. फेब्रुवारीत शंभर रुपये आणखी कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० कापतात.

फसवणूक इथे कुणी केलेली नाही, फक्त प्रश्न चुकीचा विचारला गेला. "पॅकेज किती" याऐवजी तीन गोष्टी विचारा: फिक्स्ड किती, बेसिक किती, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५,००० च्या मर्यादेवर. मर्यादेवर कापला तर तुमच्याकडून दरमहा १,८०० च जातात. हातात जास्त येतं, पण निवृत्तीसाठी कमी साठतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यानुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून बेसिक पंचवीस टक्के आणि बाकी सगळा "स्पेशल अलाउन्स" असं जुन्या वळणाचं ऑफर लेटर हातात आलं, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी कशावर मोजणार हे तिथेच विचारून घ्या. मुदतीच्या करारावर घेत असतील तर आणखी एक: नव्या संहितेत अशा कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं.

"एरोस्पेसमधी किती देतात?"

हा प्रश्नच टाकून द्या. खापरीच्या पुढे मिहानमध्ये विमानाशी नातं सांगणारी जी कामं चालतात, त्यांचे पगार ठरण्याची रीतच वेगवेगळी आहे.

बोइंगने बांधून दिलेल्या एमआरओसारख्या ठिकाणी, म्हणजे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीच्या हँगरमध्ये, पगार पदवीपेक्षा लायसन्सवर हलतो. डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या सीएआर-६६ नियमांखालचं लायसन्स, त्यात बी-१ म्हणजे यांत्रिक बाजू आणि बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक बाजू. मग कुठल्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक प्रकारच्या विमानावर काम करण्याची मान्यता, आहे, आणि शेवटी कंपनीने तुम्हाला सहीचा अधिकार दिला आहे की नाही. देखभालीनंतर विमान उड्डाणासाठी सोडण्याच्या प्रमाणपत्रावर ज्याची सही चालते, त्याच्या सहीचे पैसे असतात. एरोनॉटिकलची बी.ई. झाली म्हणून ही सही मिळत नाही. दरवर्षी कित्येक आईवडील एएमई (विमान देखभाल अभियंत्याचा कोर्स) आणि एरोनॉटिकल इंजिनिअरिंग एकच समजून फी भरतात, आणि चार वर्षांनी पोरगा हँगरमध्ये ट्रेनी म्हणून उभा राहतो तेव्हा "याच्यापेक्षा त्या डिप्लोमावाल्याला जास्त काहून?" असं विचारतात. त्या डिप्लोमावाल्याकडे लायसन्स असतं, म्हणून. हँगरमधल्या ऑफरची तुलना करताना लायसन्स भत्ता, टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार आणि रात्रपाळीचे पैसे वेगळे की पगारातच, एवढं पाहिलं तरी दोन सारख्या दिसणाऱ्या ऑफर वेगळ्या निघतात.

उत्पादनाचं गणित निराळं. २०१७ साली स्थापन झालेली दसॉ रिलायन्स एरोस्पेस इथे फाल्कन जेटचे भाग करते, आणि फाल्कन २००० ची पूर्ण जुळणी नागपुरात करायची घोषणा २०२५ मध्ये झाली. टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ साठी फ्लोअर बीम बनले. इथे क्वालिटी, टूलिंग, सीएनसी प्रोग्रॅमिंग, कंपोझिट, असेंब्ली अशी कामं असतात. मेकॅनिकलचा अनुभवी माणूस बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यातूनही इथे येऊ शकतो. साहजिकच पगाराची तुलना बंगळुरूच्या विमान-डिझाइन ऑफिसशी न करता चांगल्या ऑटो-पार्ट कारखान्याशी करावी लागते. "विमानाची कंपनी" या शब्दाची झळाळी बाजूला ठेवली तरच आकडा नीट दिसतो.

उघड असलेले आकडे न वाचणं

सरकारी नोकरीत तर काहीच गुपित नाही. इस्रोचा 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १० मध्ये ५६,१०० च्या मूळ वेतनावर लागतो, ही गोष्ट जाहिरातीतच असते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. घरभाड्यात शहराचा वर्ग लागतो. बंगळुरू एक्स वर्गात, तिथे मूळ वेतनाच्या ३० टक्के. तिरुवनंतपुरम वाय वर्गात, आपल्या नागपूरसारखंच, तिथे २० टक्के. एकाच बॅचच्या दोघांत सुरुवातीलाच महिन्याला ५,६१० रुपयांचा फरक, आणि त्यात कुणाची हुशारी कमी-जास्त नाही. नाशिकजवळ ओझरला कारखाना असलेली एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) मॅनेजमेंट ट्रेनीच्या जाहिरातीत ४०,००० ते १,४०,००० ही वेतनश्रेणी देते. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सरकारी संस्थांनी अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. अर्ज करायचीही गरज नसावी. डीआरडीओला मात्र या कायद्यातून बरीच सूट आहे.

खाजगी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल उघडा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७(१२) नुसार प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या (पगारानुसार रांग लावली की बरोबर मध्ये येतो तो) पगाराच्या किती पट आहे, हे सांगावं लागतं. संचालकांचे आकडेही त्यातच असतात, त्यामुळे एक भागाकार केला की मधल्या कर्मचाऱ्याचा पगार समोर येतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांच्या बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालात तर पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचा मध्यम पगार वेगवेगळा असतो. संरक्षण क्षेत्रात उतरलेली सोलार इंडस्ट्रीज नागपूरचीच, आणि तिचा अहवाल कुणालाही वाचता येतो. हा आकडा इंजिनिअरचा नसतो, त्यात सगळे आले. पण कंपनीची पगाराची पातळी आणि गेल्या वर्षी वाढ किती टक्के दिली, एवढं कळतं, आणि वाढ मागताना तेच कामी येतं.

मुलींनी तर हे पान वाचावंच. एकाच किंवा सारख्या कामासाठी लिंगावरून पगारात भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे, आणि आता तीच तरतूद वेतन संहितेत आली आहे. अडचण एवढीच की शेजारच्याला किती मिळतं हे ठाऊक नसेल तर तक्रार कशाच्या आधारावर करायची?

अमेरिकेचा आकडा गुणिले डॉलरचा भाव

वॉशिंग्टन राज्यात आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत पगार कुठून कुठपर्यंत हे लिहावं लागतं. कोलोरॅडोत ते २०२१ पासूनच आहे. म्हणून बोइंग आणि स्पेसएक्सच्या जाहिरातीत आकडे दिसतात. ते रुपयांत करून मिहानच्या एचआरपुढे ठेवू नका. तिथल्या अनेक जागांसाठी शस्त्र-निर्यातीच्या आयटार नियमांमुळे अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा तिथे आश्रय मिळालेले लोकच लागतात. तो बाजार तुमच्यासाठी उघडाच नाही. युरोपियन संघाच्या २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला आधीच पगाराची मर्यादा सांगणं आणि त्याचा जुना पगार न विचारणं आलं आहे, त्यासाठी सदस्य देशांना ७ जून २०२६ ची मुदत होती. भागीदार दसॉ फ्रेंच आहे म्हणून हा हक्क वर्धा रोडवरच्या मिहानमध्ये आपोआप येत नाही. भारतात खाजगी कंपनीवर जाहिरातीत पगार लिहिण्याची सक्ती नाही.

सक्ती नाही, पण विचारायला बंदीही नाही. पहिल्या फोनवरच "सर, या ग्रेडसाठी बजेट कुठून कुठपर्यंत आहे?" असं सरळ विचारा. एचआरकडे आकडा असतोच.

जुना पगार फुगवणं, आणि स्लिप पाठवणं

"दोन लाख वाढवून सांग भाऊ, कोण पाहून राहिला?" पाहतात. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफच्या पासबुकातली रक्कम, सगळं मागतात. विमान उद्योगात पडताळणी आणखी कडक. खोटं सापडलं तर रुजू झाल्यावरही नोकरी जाते.

मित्राला मदत म्हणून स्वतःची स्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं हीसुद्धा चूकच. त्यावर पॅन, यूएएन (पीएफचा क्रमांक) आणि बँक खातं असतं, आणि नेमणूकपत्रात बहुधा गोपनीयतेचं कलम असतं. फिक्स्ड इतकं, अनुभव इतका, काम हे, एवढं तोंडी सांगितलं तरी मित्राचं काम होतं.

बाँड न वाचता सही

टाइप रेटिंग किंवा परदेशातल्या प्रशिक्षणाच्या बदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड हा या क्षेत्रातला नेहमीचा प्रकार. "कोर्टात टिकत नाही" असं सांगणारे खूप भेटतील. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली, हे त्यांना सांगा. तरीही रकमेवर बोलता येतं: प्रशिक्षणाचा खरा खर्च किती, प्रत्येक पूर्ण झालेल्या वर्षागणिक रक्कम कमी होणार का, कंपनीनेच काढलं तर बाँड लागू राहणार का. ही उत्तरं ईमेलवर मागा. आणि राजीनाम्यानंतर "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी", म्हणजे शेवटचा हिशेब तेव्हा, असं ऐकवलं, तर वेतन संहितेत थकलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत देण्याची मुदत आहे, तेवढं त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवा.