जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बदलताना या चुका टाळा

सांगलीत लॅपटॉप दुरुस्तीचे काम करताना दर काही दिवसांनी एखादा लॅपटॉप माझ्या टेबलावर अशा अवस्थेत येतो, की त्याचे मागचे झाकण आधीच उघडलेले असते, स्क्रू कुठल्यातरी लग्नपत्रिकेच्या पाकिटात असतात आणि सोबत ऑनलाइन मागवलेला एक जुना प्रोसेसर असतो. ‘एवढा फक्त बसवून द्या’ असे सांगितले जाते. बसवण्याचे काम तासाभराचे आहे. तो प्रोसेसर लॅपटॉपच्या त्या बोर्डावर (मदरबोर्डवर) चालेल का, हे शोधण्याचे काम मात्र पैसे भरण्याआधीच करायचे असते आणि तेच राहून गेलेले असते.

सर्वांत आधी प्रोसेसर निघणारा आहे की बोर्डावर कायमचा जोडलेला आहे, हे पाहावे. इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतील, म्हणजे साधारण २०११ ते २०१४ या काळातील अनेक लॅपटॉपमध्ये सॉकेट, म्हणजे प्रोसेसर काढता-बसवता येईल अशी बैठक असते. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर सरसकट बोर्डाला जोडूनच येऊ लागले, त्यामुळे २०१५ नंतरचा लॅपटॉप असेल तर हा विषय तिथेच संपतो. जुन्यांमध्येही नावाच्या शेवटी ‘यू’ असलेले सगळे प्रोसेसर जोडलेलेच असतात. चौथ्या पिढीत ‘एमक्यू’ निघतो आणि ‘एचक्यू’ निघत नाही. सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालवून ‘पॅकेज’ या ओळीत काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे ‘आरपीजीए’ दिसले तर सॉकेट आहे, ‘बीजीए’ दिसले तर स्क्रूड्रायव्हर परत ठेवून द्यावा. तिसऱ्या पिढीचे काही प्रोसेसर एकाच क्रमांकाने दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून ऑर्डर देताना विक्रेत्याकडून खालच्या बाजूचा फोटो अवश्य मागवावा. खाली पिना हव्यात. बारीक गोळे दिसत असतील तर तो माल आपल्या कामाचा नाही.

बसला म्हणजे चालला, असे समजणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सॉकेट जुळले, पिना बरोबर बसल्या, पडद्यावर चित्र आले, की लोक काम झाले असे मानतात. परंतु प्रोसेसरला बोर्डावरच्या चिपसेटने (प्रोसेसर आणि बाकीचे भाग जोडणाऱ्या चिपने) आणि बायोसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) ओळखावे लागते, आणि त्यांची मान्यता नसेल तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

तासगावचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्याचा लॅपटॉप घेऊन आला होता. मूळ प्रोसेसर पेंटियम २०२०एम. त्याच्या जागी त्याने आय-७ ३६३२क्यूएम बसवला होता, चार कोर आणि आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी आठ कामे हाताळणारा, आणि बसवण्याचे काम त्याने खरोखर नीट केले होते. लॅपटॉप सुरू होत होता, विंडोजमध्ये आठही थ्रेड दिसत होते, पण थोड्या वेळाने सूचना न देता बंद पडत होता. ‘सर, बसलाय की व्यवस्थित, मग बंद का पडतोय?’ हा त्याचा प्रश्न होता आणि त्या वेळी माझ्याकडेही उत्तर नव्हते.

अचानक बंद पडणारा लॅपटॉप म्हणजे उष्णता, या समजुतीने मी प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली, पंखा साफ केला. तापमान ७० अंशांच्या पुढे जात नव्हते, तरी बंद पडणे थांबेना. मग ६५ वॅटच्या ऐवजी ९० वॅटचा चार्जर लावून पाहिला, रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासल्या, दुसऱ्या हार्ड डिस्कवर नवीन विंडोज टाकले. यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत वेळा लिहायला लागलो. १०.१० ला सुरू केला, १०.४० ला बंद. ११.०५ ला सुरू, ११.३५ ला बंद. मग विंडोज सुरूच न करता नुसता बायोसच्या पडद्यावर सोडून दिला, तरी बरोबर अर्ध्या तासाने बंद. उष्णतेचा दोष असा घड्याळ लावून येत नाही. सीपीयू-झेडमध्ये ‘मेनबोर्ड’ या पानावर साउथब्रिजचे, म्हणजे चिपसेटचे, नाव पाहिले आणि कोडे सुटले. तिथे एचएम७० असे लिहिले होते.

हा चिपसेट इंटेलने स्वस्त लॅपटॉपसाठी काढला आणि तो फक्त सेलेरॉन आणि पेंटियम या स्वस्त प्रोसेसरसाठी ठेवला. त्याच्यावर आय-३, आय-५ किंवा आय-७ बसवला तर लॅपटॉप सुरू होतो, मात्र अर्ध्या तासाने बंद केला जातो. सॉकेट तेच, पिना त्याच, पिढीही तीच, आणि एचएम७६ वर जो प्रोसेसर सुखाने चालतो तो इथे चालत नाही. विक्रेत्याने माल परत घेतला नाही. आम्ही जुना पेंटियम परत बसवला, एसएसडी टाकली आणि रॅम ८ जीबी केली. त्या मुलाचे पुढचे शिक्षण त्याच लॅपटॉपवर झाले. प्रोसेसरचे पैसे आधी एसएसडीवर खर्च केले असते तर त्याला हा ताप झालाच नसता, आणि हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

तेव्हापासून चिपसेटचे नाव वहीत लिहून घेतल्याशिवाय मी कोणालाही प्रोसेसर सुचवत नाही. एचएम७६ किंवा एचएम७७ असेल तर दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही पिढ्यांना वाव असतो. एचएम६५ मूळचा दुसऱ्या पिढीचा आहे, आणि त्यावर तिसरी पिढी चालणे लॅपटॉपच्या कंपनीने तसा बायोस दिला आहे की नाही, यावर अवलंबून असते. माझी सवय अशी, की त्याच मॉडेलचा लॅपटॉप कंपनीने कोणकोणत्या प्रोसेसरसह विकला होता ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहायचे आणि त्या यादीच्या बाहेर जायचे नाही. यादीत नसलेला प्रोसेसरही कधी कधी चालतो, हे मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या पैशांनी असे प्रयोग करू नयेत असे माझे मत आहे.

स्वस्तात मिळणाऱ्या प्रोसेसरवर ‘कॉन्फिडेन्शियल’ असा शब्द किंवा ‘क्यू’ने सुरू होणारा चार अक्षरी कोड असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना असतो. तो घेऊ नये. या पिढ्यांच्या बाजारात विकल्या गेलेल्या प्रोसेसरवर ‘एसआर’ने सुरू होणारा कोड असतो.

बायोस अद्ययावत करायचा असेल तर तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावा. मे महिन्यात वळवाचे ढग भरून आले असताना, बॅटरी संपलेल्या लॅपटॉपवर हे काम काढू नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड मरतो आणि बायोसची आठ पायांची चिप प्रोग्रॅमरवर पुन्हा लिहावी लागते. असे लॅपटॉप मी प्रत्येक उन्हाळ्यात पाहतो.

पस्तीस वॅटच्या जागी पंचेचाळीस

दुसरी मोठी चूक उष्णतेची आहे. मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडतीच्या दुकानातून लॅपटॉप आला होता. दुकानाच्या मालकांच्या, म्हणजे आबांच्या, पुतण्याने त्यातला आय-५ ३२१०एम काढून आय-७ ३६१०क्यूएम बसवला होता. पहिला ३५ वॅटचा, दुसरा ४५ वॅटचा, म्हणजे जास्त उष्णता बाहेर टाकणारा. आबांची तक्रार अशी, की सकाळी दहा मिनिटे लॅपटॉप पळतो आणि नंतर पावत्या टाइप करताना अक्षरेसुद्धा मागाहून उमटतात. तापमान पाहिले तर ९८ अंश होते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग १.२ गिगाहर्ट्झवर आणून बसला होता.

उघडल्यावर पंखा आणि जाळी यांच्या मध्ये हळकुंडांच्या धुळीचा पिवळसर, नमद्यासारखा दाट थर निघाला. चिमट्याने उचलला तर तो जाळीच्या आकारात अखंड बाहेर आला. पुतण्याने प्रोसेसर बदलला होता, पण पंखा सोडवून त्याच्यामागे पाहिले नव्हते. शिवाय जुन्या, तडे गेलेल्या पेस्टवरच नवी पेस्ट थापली होती आणि चिपसेटवरचा फाटलेला थर्मल पॅड काढून तिथेही पेस्टच भरली होती. पॅड एक मिलिमीटर जाडीचा असेल तर ती फट पेस्टने भरून निघत नाही, तिथे त्याच जाडीचा पॅडच लागतो.

सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढले, चिपच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि हीटसिंकचे (उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यावर छापलेल्या १, २, ३, ४ या क्रमाने थोडे थोडे आवळत नेले. तापमान ९२ वर आले, त्याखाली जाईना. त्या लॅपटॉपचा हीटसिंक एका तांब्याच्या नळीचा होता आणि तो ३५ वॅटसाठीच बनवलेला होता. शेवटी मी आबांना तो प्रोसेसर काढायला लावला आणि ३६३२क्यूएम बसवला. त्यालाही चारच कोर आहेत, कमाल वेग ३.३ ऐवजी ३.२ गिगाहर्ट्झ आहे, पण तो ३५ वॅटचा आहे. तापमान ८४ च्या आसपास स्थिरावले. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि अडतीच्या दुकानात वातानुकूलन नसते, हे हिशेबात धरून प्रोसेसर निवडावा लागतो. कागदावर दिसणाऱ्या दहा टक्के वेगासाठी मी कधीही जास्त वॅटचा प्रोसेसर सुचवत नाही. ४५ वॅटचाच घ्यायचा असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारातला हीटसिंक, पंखा आणि मोठा चार्जर या तिन्हींची तजवीज आधी करावी.

ग्राफिक्स कार्ड ‘बदलून’ मागणे

‘कार्ड’ या शब्दामुळेच हा गैरसमज होतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप बोर्डावर जोडलेली असते आणि ती बदलता येत नाही. काही मोठ्या वर्कस्टेशन आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाचा स्लॉट असतो, तिथे कार्ड खरोखर निघते. तिथेही स्लॉट जुळल्याने काम भागत नाही, कारण हीटसिंकची छिद्रे, कार्डाचे वॅट आणि बायोसची ओळख ही तिन्ही जुळावी लागतात. वायफायच्या स्लॉटमधून केबल काढून बाहेर डेस्कटॉपचे कार्ड लावण्याची युक्ती पुष्कळांना आवडते. ती चालते, पण त्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस या जोडणीची एकच लेन, म्हणजे माहिती जाण्याचा एकच मार्ग, मिळते. दुसऱ्या आवृत्तीत एका लेनवरून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, डेस्कटॉपमध्ये सोळा लेन असतात. वेगळा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि वेगळा मॉनिटर यांचाही खर्च धरला तर तेवढ्या पैशांत जुना डेस्कटॉप घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ग्राफिक्सची चिप गेलेली असेल तर हॉट एअर गनने शेकून ती ‘दुरुस्त’ करून देणारे कारागीर गावोगावी आहेत. चिप काही आठवडे चालते आणि पुन्हा जाते, बहुतेक वेळा बोर्डाला घेऊनच जाते. मी हे काम करत नाही.

जोडलेल्याच ग्राफिक्सवर थोडा वेग हवा असेल तर रॅमची एकच पट्टी न ठेवता सारख्या दोन पट्ट्या लावाव्यात. प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमच वापरते, त्यामुळे दोन चॅनेलचा फरक लगेच जाणवतो. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टचीच रॅम लागते, हे विसरू नये.

हात घालतानाच्या चुका

बॅटरी काढल्यावर पॉवरचे बटन वीस सेकंद दाबून धरावे. कीबोर्डच्या रिबनची खिटी आधी उघडावी, रिबन ओढू नये. सॉकेटचा स्क्रू अर्धा फिरतो, त्यापुढे जोर लावू नये. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवावा. स्वतःच्या वजनाने तो खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावा लागत असेल तर पिन वाकली आहे. स्क्रूंच्या लांब्या वेगळ्या असतात, म्हणून मी कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावतो. घाई करणारी मुले याला वेळेचा अपव्यय म्हणतात आणि नंतर लांब स्क्रू आखूड जागी पिळून टचपॅडच्या खालून बाहेर काढतात.

बसवल्यावर पडदा काळा राहिला तर लगेच सगळे उघडू नये. नवा प्रोसेसर पाहिल्यावर काही लॅपटॉप पहिल्यांदा एक-दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतात, म्हणून दोन मिनिटे थांबावे. त्यानंतरही काही दिसले नाही तर बोर्डावरची लहान बॅटरी दहा मिनिटे काढून ठेवावी, रॅमची एकच पट्टी लावून पाहावी आणि त्यानंतर प्रोसेसर काढून पिना भिंगातून तपासाव्यात. पंखा फिरून लगेच थांबत असेल तर बहुधा प्रोसेसर नीट बसलेला नसतो किंवा बायोस त्याला ओळखत नसतो. जुना प्रोसेसर परत बसवून लॅपटॉप सुरू झाला, तर बोर्ड शाबूत आहे एवढे तरी निश्चित होते.

हा सगळा खर्च नव्या विंडोजसाठी करत असाल तर आधीच सांगतो, विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तिसऱ्या पिढीचा सर्वांत ताकदवान प्रोसेसर बसवूनही त्यात बदल होत नाही. अशा लॅपटॉपवर मी लिनक्स टाकून देतो.

काम झाल्यावर लॅपटॉप किमान तासभर भाराखाली चालवून तापमानाचे आकडे वहीत लिहावेत. तासगावच्या त्या प्रकरणानंतर मी अर्ध्या तासावर समाधान मानत नाही. काढलेला जुना प्रोसेसर ग्राहकाला प्लास्टिकच्या डबीत, पिना वर करून, लॅपटॉपचे मॉडेल लिहिलेल्या चिठ्ठीसह परत द्यावा, आणि महिनाभर तरी तो विकू नका असे बजावून सांगावे.