माजघरातली आजी, पाच फुटी कॅनव्हासवर

जुन्या नाशकातल्या वाड्यात चौकातून माजघरात येणारा उजेड तिरका आणि मऊ असतो. तिथे मेथी निवडत बसलेल्या आजीचं तैलचित्र काढायचं, तर तोच धरा, ट्यूबलाइट बंद ठेवा. बैठक रोज ठरलेल्या वेळी, दोनच तास. पुढे सावल्या सरकतात.

कच्चं चित्र मोठं करून उतरवायला 15 × 12 इंची कच्च्या चित्रावर 3 इंची चौकटी आखा, 60 × 48 इंची कॅनव्हासवर 12 इंची, आणि एकेका चौकटीतलं तिच्या जोडीच्या चौकटीत काढा. चेहरा आणि हात येतात त्या चौकटींचे आणखी चार-चार भाग पाडा.

खरा घोटाळा प्रमाणात होतो. कॅनव्हासला चिकटून काढलं की डोकं मोठं, पाय आखूड. दहा-बारा फूट मागे जायला हवं आणि माजघर तेवढं नसतं. म्हणून समोरच्या भिंतीला आरसा टेकवा आणि कॅनव्हासजवळूनच त्यात चित्र पाहा. अंतर दुप्पट होतं, चुकलेला खांदा लगेच उघडा पडतो.

पहिला थर रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. पुढच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलटं केलंत तर रंग तडकतो. मेथी निवडणाऱ्या बोटांच्या खालच्या कडेला पानांचा हिरवा उजेड पडतो. किती सुंदर असतो तो! त्वचेचा रंग ओला असतानाच तो मिसळा.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला, तर मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोका.