मुलांना पाणलोट शिकवताना: कऱ्हेकाठचा अनुभव

पुरंदर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत पाणलोट, म्हणजे ज्या भागातले पावसाचे पाणी वाहत एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते तो भाग, शिकवायला गेलो, तेव्हा मी फळ्यावर व्याख्या लिहिली आणि मुलांनी ती इमानाने उतरवून घेतली. तास संपल्यावर मात्र आपल्या अंगणातले पाणी कोठे जाते, हे एकालाही सांगता आले नाही. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांनी पहिला तास टेकडीच्या माथ्यावर घ्यावा. तेथून मुलांनी आपापले घर शोधावे, पाणी कोणत्या ओघळीतून ओढ्याला मिळते ते बोटाने दाखवावे आणि मग तेच पाणी कऱ्हेतून नीरेला, नीरेतून भीमेला व पुढे कृष्णेला कसे पोहोचते, हे आपण सांगावे. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, हे त्यांना ठाऊक असतेच. त्यामुळे नदीची ओळख करून द्यावी लागत नाही.

माझी मोठी चूक समतल चरांत झाली. उताराला आडवे आणि एकाच पातळीत हवे असलेले हे चर मी मुलांकडून नजरेच्या अंदाजाने खणून घेतले. पहिल्याच वळवात पाणी सखल टोकाकडे धावले, तेथली चराकाठची मातीची भर फुटली आणि खाली नवी घळ पडली. मुले हसली, त्यांचे काही चुकले नाही.

मग आम्ही ‘ए’च्या आकाराची चौकट केली: सारख्या लांबीच्या दोन काठ्या, मध्ये आडवी पट्टी आणि वरून सोडलेला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन. दोरी पट्टीवर जेथे येते तेथे खूण करायची, दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा खूण करायची. या दोन खुणांच्या मध्यावर दोरी आली, की दोन्ही पाय समपातळीत. भूमितीला कंटाळणाऱ्या एका मुलीने हे सर्वांत अचूक केले.

हिशेबही असाच हाताशी आणावा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेच्या ३०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पडला, तर ६,००० लिटर.

मुलांना बंधाऱ्याची घाई असते, पण काम माथ्याकडून पायथ्याकडेच न्यावे, नाहीतर बंधारा गाळाने भरतो. गायरानात खणण्यापूर्वी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. पहिल्या पावसानंतर त्याच मुलांना चरांवर न्यावे, आणि बरोबर फावडे असू द्यावे.