अमेरिकेतील बालरोग रेसिडेन्सी: अर्ज भरण्यापूर्वी काय तपासावे

बालरोग विषयाच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायच्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करणाऱ्या पुष्कळ जणांची तयारी उलट्या टोकाने सुरू होते. परीक्षेत गुण किती हवेत, शिफारसपत्रे कोणाकडून घ्यावीत, कोणत्या रुग्णालयाचे नाव मोठे, ही चौकशी महिनोन्‌महिने चालते. मात्र त्या तीन वर्षांत प्रत्यक्ष कोणते काम करावे लागते, याचा विचार मुलाखतीच्या आदल्या रात्री होतो. हा क्रम बदलला, तर अर्जही चांगला होतो आणि निवडही. म्हणून येथे आधी कामाविषयी, मग प्रशिक्षणस्थळ पारखण्याविषयी आणि शेवटी अर्जाविषयी लिहिले आहे.

तीन वर्षांचे काम

अमेरिकेत बालरोग रेसिडेन्सी ३६ महिन्यांची असते. तिला मान्यता देण्याचे काम एसीजीएमई ही संस्था करते, तर प्रशिक्षण संपल्यावरची प्रमाणन परीक्षा अमेरिकन बोर्ड ऑफ पेडियाट्रिक्स घेते. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला इंटर्न म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तोच सीनियर होऊन इंटर्नच्या कामावर देखरेख करतो, आणि या सर्वांच्या वर अंतिम जबाबदारी असलेले अटेंडिंग डॉक्टर असतात. जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार किमान ४० आठवडे आंतररुग्ण विभागात, किमान ४० आठवडे बाह्यरुग्ण सेवेत आणि किमान ४० आठवडे रेसिडेंटच्या पुढील वाटचालीला अनुसरून आखलेल्या अभ्यासक्रमात जावे लागतात. यातील तिसरा भाग अर्जदाराने नीट समजून घ्यावा. गावातील सर्वसाधारण बालरोगतज्ज्ञ होऊ पाहणारा रेसिडेंट आणि नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात जाऊ पाहणारा रेसिडेंट यांचे ते ४० आठवडे खरोखर वेगळे दिसतात का, की प्रत्येक जण मनुष्यबळ कमी असलेल्या वॉर्डात पाठवला जातो, हे प्रत्येक ठिकाणी विचारण्याजोगे आहे.

बाह्यरुग्ण सेवेचा कणा म्हणजे दीर्घकाळ चालणारे स्वतःचे क्लिनिक. त्यात रेसिडेंट ठरावीक मुलांना तीन वर्षे पाहत राहतो. पहिल्या वर्षी तपासलेले तीन दिवसांचे बाळ तिसऱ्या वर्षी चालत खोलीत येते आणि दोन शब्द जोडून बोलते. वाढीचा तक्ता, लसीकरण, झोप, दूध सोडवणे, आईचा न बोललेला थकवा, हे सारे येथेच शिकायला मिळते. वॉर्डातील थरार येथे नसल्याने काही रेसिडेंट या क्लिनिकला कंटाळतात. आपण त्यांच्यापैकी असू असे वाटत असेल, तर विषयाची निवड पुन्हा एकदा तपासून पाहिलेली बरी.

वॉर्डातील काम प्रौढांच्या वैद्यकापेक्षा वेगळे का असते, हे तीन गोष्टींवरून लक्षात येते. पहिली म्हणजे मात्रा. औषधाचा जवळपास प्रत्येक डोस मुलाच्या वजनावरून काढला जातो आणि त्याच वॉर्डात तीन किलोचे बाळ आणि सत्तर किलोचा किशोर शेजारी शेजारी असू शकतात. दशांश चिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दहापट होते. त्यामुळे राउंडवर मुलाचे वजन तोंडपाठ सांगण्याची सवय इंटर्नला पहिल्या आठवड्यापासून लावली जाते. दुसरी म्हणजे मुलाच्या शरीराची फसवी चिकाटी. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गात मूल आपला रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते आणि मग तो अचानक कोसळतो. म्हणून रक्तदाबाच्या आकड्यावर समाधान न मानता नाडीची गती, श्वासाची गती, नखावर दाबल्यावर रंग परतायला लागणारा वेळ आणि मूल आईकडे पाहते की नाही, याकडे लक्ष द्यावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे काहीही न करण्याची कला. हिवाळ्यात आरएसव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसने वॉर्ड भरून जातात आणि त्या आजारावर प्राणवायू, नाक साफ ठेवणे आणि पुरेसे द्रव देणे यापलीकडे फारसे उपचार नाहीत. मग रेसिडेंट शिकतो काय? वीस बाळे सारखीच धापा टाकत असताना त्यांतील कोणते थकू लागले आहे, हे ओळखायला शिकतो. माझ्या मते या प्रशिक्षणातील सर्वांत मोलाची विद्या हीच आहे, आणि ती फक्त पुष्कळ मुले पाहूनच येते.

याखेरीज, माहिती देणारा आणि आजारी असणारा ही दोन वेगळी माणसे असतात, हे विसरता येत नाही. पालकांचे ऐकायचे, पण पंधरा वर्षांच्या मुलीशी काही वेळ एकटीशी बोलायचे. पालकांवर विश्वास ठेवायचा, पण जखमेची हकिकत जखमेशी जुळत नसेल, तर कायद्याने बंधनकारक असलेली तक्रार नोंदवायची. ज्यांना हा ताण पेलवत नाही, त्यांच्यासाठी निव्वळ बालप्रेम पुरेसे पडत नाही.

तास आणि रात्री

कामाच्या तासांना मर्यादा आहेत, आणि त्या जाणून घेतल्या म्हणजे मुलाखतीत योग्य प्रश्न विचारता येतात. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात १९८४ मध्ये लिबी झायन या तरुणीचा मृत्यू झाला. त्यानंतर थकलेल्या रेसिडेंटच्या हातून होणाऱ्या उपचारांची चर्चा सुरू झाली आणि २००३ मध्ये देशभरासाठी ८० तासांच्या आठवड्याचा नियम आला. ही ८० तासांची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीवर मोजली जाते, त्यामुळे एखादा आठवडा त्याहून जड असू शकतो. सात दिवसांत एक दिवस मोकळा मिळतो, तोही सरासरीनेच. सलग काम २४ तासांपर्यंत चालते आणि रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवण्यासाठी किंवा शिक्षणासाठी आणखी चार तास थांबता येते. नियम सर्वत्र सारखा असला, तरी वेळापत्रक सारखे नसते: काही ठिकाणी सलग रात्रपाळीचे आठवडे असतात, तर काही ठिकाणी चोवीस तासांच्या ड्युट्या. कोणती पद्धत आपल्या प्रकृतीला मानवेल हे प्रत्येकाने आपले पाहावे, मात्र मागील वर्षाचे प्रत्यक्ष वेळापत्रक पाहायला मिळेल का, असे विचारण्यास संकोच करू नये.

पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची आय-पास नावाची पद्धत बालरोग रेसिडेन्सीतच घडली. आजाराची तीव्रता, रुग्णाचा सारांश, करावयाची कामे, पुढे काय बिघडू शकते व तेव्हा काय करावे, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगणे, असे तिचे पाच टप्पे आहेत. नऊ बालरोग रेसिडेन्सी कार्यक्रमांतील तिचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. ज्या ठिकाणी ही सुपूर्दगी निवांत खोलीत, सीनियरच्या देखत होते आणि ज्या ठिकाणी ती जिन्यात उरकली जाते, त्या दोन ठिकाणांच्या शिक्षणात फरक असतोच.

ठिकाण कसे पारखावे

स्वतंत्र बालरुग्णालय आणि सर्वसाधारण रुग्णालयाचा बालविभाग, असे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. फिलाडेल्फियाचे १८५५ मध्ये स्थापन झालेले बालरुग्णालय किंवा बोस्टनचे १८६९ मधील बालरुग्णालय अशा ठिकाणी दुर्मीळ आजार पाहायला मिळतात आणि प्रत्येक उपशाखेचे तज्ज्ञ हाताशी असतात. पण तेथे फेलोही, म्हणजे रेसिडेन्सीनंतर उपशाखेचे प्रशिक्षण घेणारे डॉक्टरही, पुष्कळ असतात, आणि नवजात बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याची संधी कधी कधी रेसिडेंटपर्यंत पोहोचतच नाही. लहान ठिकाणी आजारांचे वैविध्य कमी, मात्र प्रसूतिगृहात धावत जाऊन बाळाला पहिला श्वास देणारे हात रेसिडेंटचेच असण्याची शक्यता जास्त. नावाच्या मोहात हा हिशेब अनेकदा राहून जातो.

म्हणून प्रत्येक मुलाखतीत, शक्यतो सध्याच्या रेसिडेंटनाच, एक प्रश्न जरूर विचारावा: पहाटे तीन वाजता वॉर्डातील मूल खालावू लागले, तर इंटर्न प्रथम कोणाला बोलावतो, आणि ती व्यक्ती किती वेळात पलंगापाशी येते? उत्तर देताना कोणी घुटमळले, तर त्याची नोंद घ्यावी. “आमच्याकडे पूर्ण स्वायत्तता आहे” हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण त्याचा अर्थ मदतीला कोणी नसते असाही निघू शकतो. उलट प्रत्येक निर्णय फेलोच घेत असेल, तर तिसऱ्या वर्षअखेरीसही हात आणि मन कच्चेच राहते. याशिवाय प्रमाणन परीक्षेत त्या कार्यक्रमाचे किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होतात, याचे आकडे अमेरिकन बोर्ड ऑफ पेडियाट्रिक्स स्वतः प्रसिद्ध करते. ते पाहायला पाच मिनिटे लागतात.

संयुक्त कार्यक्रमही आहेत. प्रौढ वैद्यक आणि बालरोग यांचा मिळून चार वर्षांचा, तर बालरोग, मानसोपचार आणि बालमानसोपचार यांचा मिळून पाच वर्षांचा असतो. रेसिडेन्सीनंतर हृदयरोग, नवजात शिशू, अतिदक्षता अशा बहुतेक उपशाखांसाठी आणखी तीन वर्षांची फेलोशिप लागते. पैशाचे गणित आधीच मांडावे: बालरोगतज्ज्ञांचे उत्पन्न इतर बऱ्याच शाखांपेक्षा कमी असते, कारण अमेरिकेतील मुलांचा मोठा हिस्सा मेडिकेड या सरकारी योजनेत येतो आणि ती योजना वृद्धांच्या मेडिकेअरपेक्षा सहसा कमी मोबदला देते.

अर्ज

अर्ज ईआरएएस या यंत्रणेतून जातो. तो कार्यक्रमांना सप्टेंबरच्या अखेरीस दिसू लागतो आणि मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, बहुतेक व्हिडिओद्वारे होतात. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे अर्जदार आणि जागा यांची सांगड घालणाऱ्या वार्षिक प्रक्रियेत, बालरोगाच्या २५२ जागा रिकाम्या राहिल्या, ही बातमी वाचून अनेकांनी हा विषय सोपा झाल्याचा निष्कर्ष काढला. चांगल्या शिकवणाऱ्या ठिकाणांसाठी तो मुळीच लागू पडत नाही.

यूएसएमएलई या वैद्यकीय परवान्याच्या परीक्षामालेतील स्टेप १ परीक्षा जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाची झाली, त्यामुळे गुणांचे वजन स्टेप २ सीके परीक्षेवर आले आहे आणि तिचा निकाल सप्टेंबरपूर्वी हाती असावा. एका कार्यक्रमाला जास्तीत जास्त चार शिफारसपत्रे पाठवता येतात. त्यांतील निदान दोन अशा बालरोगतज्ज्ञांची असावीत, ज्यांनी अर्जदाराला मुलांबरोबर काम करताना स्वतः पाहिले आहे. विभागप्रमुखाचे कोरडे, सर्वांना लागू पडेल असे पत्र फारसे उपयोगी पडत नाही. अर्जात दहापर्यंत अनुभव नोंदवता येतात आणि त्यांतील तीन विशेष महत्त्वाचे म्हणून निवडता येतात. दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत असे नाही. अर्जासोबतच्या वैयक्तिक निवेदनात “मला लहान मुले आवडतात” हे वाक्य लिहू नये, कारण प्रत्येक अर्जदार तेच लिहितो. त्याऐवजी एखाद्या मुलाच्या आजारात आपण काय पाहिले, काय चुकले आणि नंतर कामाची पद्धत कशी बदलली, हे रुग्णाची ओळख उघड न करता लिहावे.

अमेरिकेबाहेर पदवी घेतलेल्यांना, त्यांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी स्टेपच्या दोन परीक्षांबरोबर इंग्रजीची ओईटी परीक्षाही द्यावी लागते. केवळ निरीक्षक म्हणून घालवलेल्या महिन्याला मर्यादित किंमत आहे, कारण त्यात रुग्णाला हात लावता येत नाही आणि पत्र लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखे फारसे नसते. व्हिसाविषयी प्रत्येक कार्यक्रमाचे धोरण अर्ज पाठवण्याआधीच वाचावे. जे-१ या विनिमय व्हिसावर आलेल्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करून त्या अटीतून सूट मिळवावी लागते. कॉनराड योजनेखाली अशी सूट मिळावी म्हणून प्रत्येक राज्याला वर्षाला तीस शिफारशी करता येतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी साधारणपणे स्टेप ३ आधीच उत्तीर्ण असावे लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून तो मार्ग आणखी अरुंद झाला आहे.

पसंतीक्रम

मुलाखतींनंतर अर्जदार आणि कार्यक्रम आपापले पसंतीक्रम मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेकडे देतात आणि संगणक त्यांची सांगड घालतो. येथे हुशारी दाखवण्याच्या नादात लोक स्वतःचे नुकसान करून घेतात. १९९८ पासून वापरात असलेली गणिती रीत अर्जदाराच्या पसंतीपासून सुरुवात करते. तिची नवी मांडणी करणारे ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये लॉइड शॅपली यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या रीतीत अवघड वाटणारे ठिकाण पहिल्या क्रमांकावर ठेवले आणि ते मिळाले नाही, तरी दुसऱ्या क्रमांकावरील संधी तिळमात्र कमी होत नाही. म्हणून “ते आपल्याला घेतील का” हा विचार बाजूला ठेवून केवळ आपल्या खऱ्या आवडीनुसार क्रम लावावा. मात्र जेथे जायचेच नाही, ते ठिकाण यादीत अजिबात घालू नये, कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी जागा मिळाली की नाही एवढेच कळते आणि शुक्रवारी ती कोठे मिळाली हे कळते. मधल्या दिवसांत उरलेल्या जागांची सोप नावाची वेगळी प्रक्रिया चालते, तेव्हा त्या आठवड्यात फोन आणि कागदपत्रे जवळ असावीत. निकालानंतर जुलैपर्यंत लसीकरणाच्या नोंदी, राज्याचा प्रशिक्षण परवाना, तसेच मुलांच्या आणि नवजातांच्या पुनरुज्जीवनाचे, म्हणजे पाल्स आणि एनआरपीचे, अभ्यासक्रम उरकायचे असतात. जे-१ वर जाणाऱ्यांना त्याशिवाय मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचे आवश्यकता-पत्र लागते. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठीची कागदपत्रे फेब्रुवारीतच जुळवून ठेवावीत आणि निकाल लागलेल्या आठवड्यातच अर्ज करावा.