नागालँडच्या सणांना जाताय? या चुका टाळा

डिसेंबरात कोहिमाजवळ किसामाला तीन दिवस घालवून परतलेली मंडळी "नागा गावं पाहून आलो" असं सांगतात. पहिल्या खेपेनंतर मीही हेच सांगत होतो. पण किसामा हे नांदतं गाव नाही. कोहिमापासून बाराएक किलोमीटरवर सरकारने उभारलेलं ते वारसा-संकुल आहे. तिथला हॉर्नबिल महोत्सव २००० साली सुरू झाला. तो १ डिसेंबरला, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनी सुरू होतो आणि १० तारखेपर्यंत चालतो. प्रत्येक जमातीचा मोरुंग, म्हणजे पूर्वी गावातले तरुण जिथे एकत्र राहून लढणं, गाणं, विणकाम-कोरीवकाम शिकत ते घर, तिथे बांधलेला आहे. हॉर्नबिल जरूर पाहा. सगळ्या जमातींची गाणी, पेहराव, जेवण एका जागी दुसरीकडे मिळत नाही. फक्त त्यालाच सण समजून परतू नका.

डिसेंबर धरून बसणं

नागा सण शेतीच्या कामांना बांधलेले आहेत. पेरणी आटोपल्यावर आओ या नागा जमातीचा मोआत्सू येतो, मे महिन्याच्या सुरुवातीला. आपल्याकडे शेतातली ओढाताण संपली की पोळा येतो, तसाच हा श्वास घेण्याचा काळ. मोकोकचुंग जिल्ह्यातल्या चुचुयिमलांगसारख्या गावात संगपांगतु या विधीची मोठी शेकोटी पेटते आणि माणसं तिच्याभोवती बसतात. कोन्याकांचा आओलिंग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मोन जिल्ह्यात. अंगामींचा शुद्धीचा सण सेक्रेन्यी फेब्रुवारीच्या शेवटी. सुमींचा तुलुनी ८ जुलैला, लोथांचा तोखू एमोंग ७ नोव्हेंबरला, पीक घरात आल्यावर.

या सरकारी सुट्टीच्या तारखा झाल्या. गावाचा मुख्य दिवस वेगळा असू शकतो, म्हणून तिकीट काढण्याआधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून विचारा. आओलिंगचंच बघा. सण सहा दिवसांचा आणि सगळ्यात मोठा दिवस चौथा. पहिल्या दोन दिवसांत फोटो काढून निघणाऱ्याला तयारी तेवढी दिसते.

रस्ता, परवाना, रविवार

नागालँड आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही थोडं लहान आहे. म्हणून लोक कोहिमा, मोकोकचुंग आणि मोन चार दिवसांत बसवतात आणि तीन दिवस गाडीतच काढतात. डोंगरी रस्त्यांवर नकाशातल्या वेळेवर विसंबू नका. मोनला जायचं असेल तर कोहिमाहून डोंगर ओलांडण्यापेक्षा आसामातल्या सोनारीच्या बाजूने चढणं सोपं पडतं. एका खेपेला एकच जमात आणि एक-दोन गावं, हे माझं ठाम मत आहे.

इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, १८७३ च्या कायद्यातून आलेलं आहे आणि इतर राज्यांतल्या भारतीयांना ते लागतंच. दिमापूरला लागत नाही ही माहिती जुनी झाली. अर्ज ऑनलाइन होतो, पण ज्या जिल्ह्यांत जाणार ते सगळे त्यात लिहा आणि दोन छापील प्रती जवळ ठेवा. अमेरिका-इंग्लंडहून आलेले, परदेशी पासपोर्टवरचे नातेवाईक बरोबर असतील तर त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ पासून संरक्षित क्षेत्राचा परवाना पुन्हा लागू झाला आहे. तो घरूनच काढून निघा.

रविवारी प्रवास ठेवू नका. बहुसंख्य नागा ख्रिस्ती आहेत आणि रविवार चर्चचा असतो. दुकानं बंद, शेअर सुमो बंद. मी एकदा शनिवारी संध्याकाळी पोहोचून सोमवार सकाळपर्यंत अडकलो होतो. अडकलातच तर यजमानांना विचारून प्रार्थनेला जाऊन बसा. मी बसलो होतो, आणि चार आवाजांत गाणारं ते गाव माझ्या मनातून जात नाही. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दिवसाची आखणी पहाटेपासून करा.

म्हाताऱ्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखणं

सगळ्यात जास्त चुका लोंगवात होतात. भारत-म्यानमार सीमा या कोन्याक गावातून जाते, गावप्रमुख आंगच्या घरातूनही जाते. चेहऱ्यावर गोंदण असलेले वृद्ध तिथे अजून भेटतात. शत्रूचं मुंडकं आणणाऱ्याला तो मान मिळत असे. ती प्रथा साठच्या दशकाच्या सुमारास थांबली, तशी गोंदणंही थांबली. आज दिसणारे चेहरे शेवटचे आहेत.

एका आजोबांसमोर मी न विचारता कॅमेरा उचलला. त्यांनी काही न बोलता मान फिरवली. तो क्षण मला आजही टोचतो. आपल्या आजोबांना ओसरीवर बसलेले असताना कुणी अनोळखी माणसाने असं टिपलं असतं तर आपल्याला चाललं असतं का? आधी बसा, यजमानांकरवी बोला, चहा घ्या, मग विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत. भेट म्हणून चहापत्ती, साखर आणा.

पैसे देऊन अफू ओढतानाचे फोटो काढणं मात्र पूर्ण चूक. अफूने या भागातली कित्येक घरं पोखरली आहेत, आणि आपली नोट त्याच व्यसनाला जाते. वाटाड्याने सुचवलं तरी नकार द्या. "तुम्ही किती मुंडकी आणली?" हा प्रश्नही हौसेने विचारू नका. गोष्ट त्यांना सांगायची असेल तर ते सांगतील.

शाल खांद्यावर टाकण्याआधी

आओंची त्सुंगकोतेप्सू शाल लाल-काळी असते. तिच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर मिथुन (गव्यासारखं पाळीव जनावर), वाघ, हत्ती, कोंबडा, भाला, माणसाचं मुंडकं रंगवलेलं असतं. ती पूर्वी मुंडकं आणणाऱ्याला किंवा मिथुनाचा बळी देऊन गावजेवण घालणाऱ्यालाच पांघरता येई. शाल घेताना ती कुणाची, कुणी पांघरायची, हे विणणाऱ्या बाईला विचारा. कमरेला ताण देऊन मागावर एकेक पट्टी विणण्यात तिचे कित्येक दिवस जातात, तिथे घासाघीस शोभत नाही.

जेवणाचं थोडक्यात. डुकराचं मांस, सोयाबीन आंबवून केलेली अखुनी, बांबूचे कोंब आणि राजा मिरची हे रोजचं अन्न आहे. शाकाहारी असाल तर आगाऊ सांगा, भात आणि उकडलेल्या भाज्या प्रेमाने मिळतात. अखुनीच्या वासाला नाक मुरडू नका. राज्यात १९८९ च्या कायद्याने दारूबंदी आहे, सामानात बाटली नेऊ नका.

चूक झालीच तर

जिथे जायचं नाही तिथे पाय पडला, विधीच्या वेळी अडथळा झाला, तर वाद घालू नका. गावाच्या जमिनीवर गावाचा हक्क आहे, घटनेच्या ३७१-अ कलमाने तो मान्य केलेला आहे. यजमानांना बरोबर घेऊन गावबुढ्यांकडे, म्हणजे गावच्या ज्येष्ठ प्रमुखांकडे जा. लाल शाल किंवा लाल कोटावरून ते ओळखू येतात. काय झालं ते सरळ सांगा, माफी मागा. गावाने दंड सांगितला तर भरा, आणि पुन्हा येऊ का, हेही त्यांनाच विचारा.